प्रमोशन घेऊ की नातं सांभाळू? पण त्याला अजून विचारलंयस कुठे?

प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २८, चार वर्षं एकाच कंपनीत, आता टीम लीडची पोस्ट देतायत. पगार चांगला वाढतोय पण रात्रीचे कॉल वाढणार आणि महिन्यातले काही दिवस दुसऱ्या शहरात जावं लागणार. दोन वर्षांचं नातं आहे, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, भेटी आत्ताच कमी झाल्यात आणि "तुला माझ्यासाठी वेळच नसतो" हे वाक्य तीन-चार वेळा येऊन गेलंय. त्याला या ऑफरबद्दल अजून काहीच सांगितलेलं नाही. आणि शेवटी लिहिलंय, "ताई, मी बहुतेक नाहीच म्हणणार आहे, फक्त ते बरोबर आहे ना एवढं सांगा."

नाही गं, बरोबर नाहीये. पोस्ट घेतलीच पाहिजे असं मी म्हणत नाहीये, कदाचित सगळा विचार करून तू नाही म्हणशील आणि ते योग्यही असेल, पण आत्ता तू जे करतेयस त्याला विचार म्हणत नाहीत, ती परस्पर घेतलेली माघार आहे. ज्याच्यासाठी तू हे सोडायला निघालीयेस त्याला सोडण्यासारखं काही आहे हेच माहीत नाहीये.

मी नात्यांचं समुपदेशन करते, बरीच वर्षं झाली. नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या ज्या मुली येतात त्यातल्या बहुतेक जणींचं पहिलं वाक्य "वेळच पुरत नाही" हेच असतं, आणि ते खरंच असतं, वेळ पुरत नाहीच. पण अर्धा-पाऊण तास बोललं की वेगळंच काहीतरी बाहेर येतं. मनातल्या मनात त्याला विचारलेलं असतं, मनातच त्याने तोंड वाकडं केलेलं असतं, मनातच भांडण होऊन हिने पड खाल्लेली असते, आणि मग प्रत्यक्षात तो समोर आला की राग निघतो कुठल्यातरी भलत्याच गोष्टीवरून, आणि त्याला कळतच नाही आपलं काय चुकलं. एक जोडपं आलं होतं, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तिने परदेशातला सहा महिन्यांचा प्रोजेक्ट नाकारला होता आणि ते त्याला दोन वर्षांनी कळलं, माझ्यासमोर, भांडणाच्या भरात. "मी तुझ्यासाठी एवढं सोडलं" असं ती म्हणाली आणि तो काही क्षण नुसता बघत राहिला आणि मग म्हणाला, "तू मला विचारलंस कधी?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं ती त्याच्या नावावर एक उधारी मांडून बसली होती आणि त्याला आपण देणं लागतो याचा पत्ताच नव्हता. नातं त्या सहा महिन्यांच्या दुराव्यातही कदाचित टिकलं असतं, पण ही न सांगितलेली उधारी त्यांना फार महागात पडली.

आणि हे फक्त माझ्याकडे येणाऱ्यांचं नाहीये. अमेरिकेत लिओनार्डो बर्झटिन, थॉमस फुजिवारा आणि अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना नोकरीच्या अपेक्षांचा फॉर्म भरायला दिला, पगार किती हवा, प्रवास किती चालेल, तास किती चालतील. काहींना सांगितलं की तुमची उत्तरं फक्त कॉलेजचं करिअर सेंटर बघेल, काहींना सांगितलं की वर्गातले बाकीचेही बघतील. वर्गातले बघणार म्हटल्यावर जोडीदार नसलेल्या मुलींनी वर्षाचा पगार १८ हजार डॉलरने कमी लिहिला, प्रवासाची तयारी महिन्याला ७ दिवसांनी कमी दाखवली आणि आठवड्याचे तासही कमी केले. मुलांच्या उत्तरात असा फरक नव्हता, ज्या मुलींची लग्नं झाली होती किंवा नात्यात होत्या त्यांच्यातही नव्हता. म्हणजे जिला अजून जोडीदार मिळायचाय ती फार महत्त्वाकांक्षी दिसायला नको म्हणून आपणहून हात आखडता घेत होती, आणि तेही कोणी काही म्हणायच्या आधी. आता तू नात्यात आहेस, तुझी परिस्थिती अगदी तीच नाही, पण जे करायला निघालीयेस ते त्याच जातीचं आहे.

मग प्रश्न येतो की हे नुसतं मनाचं दुखणं आहे का. तर नाही, नोकऱ्याच अशा आहेत. क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी हे फार नीट मांडलंय. काही कामं हावरट असतात, म्हणजे तुम्ही कधीही उपलब्ध असाल, रात्री, सुट्टीला, ऐनवेळी, तर ती तासांच्या प्रमाणापेक्षा जास्त पैसे देतात. दुप्पट तास केले की दुपटीपेक्षा जास्त मिळतात. मग दोघांनीही असं काम करणं घरासाठी कठीण होतं, एकजण हावरट नोकरी धरतो आणि दुसरा लवचिक नोकरीत राहतो, आणि हा दुसरा कोण असतो ते सांगायची गरज नाही. गोल्डिन मुख्यतः मूल झाल्यानंतरच्या काळाबद्दल बोलतात. पण मला माझ्या कामात दिसतं ते असं, की ही वाटणी मूल झाल्यावर अचानक आकाशातून पडत नाही, ती डेटिंगच्या काळातच रुळायला लागते. कोणाची मीटिंग पुढे ढकलली जाते, कोणाचा शनिवार हलतो, कोण कोणाच्या भागात जातं. तू लिहिलंयस की तो दुसऱ्या टोकाला राहतो. मागच्या दोन महिन्यांत तुम्ही जितक्यांदा भेटलात त्यातल्या किती वेळा तू तिकडे गेलीस आणि किती वेळा तो इकडे आला हे एकदा मोज बरं. भांडायला नको, नुसतं बघायला.

अंतर ही शहरात फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती प्रेमाच्या हिशोबात धरतच नाही. स्वीडनमध्ये एरिका सँडो या संशोधकांनी लाखो जोडप्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात ज्या जोडप्यात एकाचा कामावर जायचा प्रवास लांबचा होता त्यांचं वेगळं होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि सगळ्यात जास्त धोका सुरुवातीच्या वर्षांत, पुढे ज्यांना त्याची सवय झाली त्यांच्यात तो कमी होत गेला. तर ऑफिसचा प्रवास आणि वर एकमेकांकडे जायचा प्रवास, असं दोन्ही अंगावर असताना माणूस भेटीला पोचतो तोच दमलेला, आणि मग आपल्यातलं प्रेम कमी झालं का असं वाटायला लागतं. बऱ्याचदा प्रेम तेवढंच असतं, अंगात त्राण उरलेलं नसतं. त्यामुळे घर किंवा रूम बदलायची वेळ आली की दोघांच्या ऑफिसच्या मधे कुठेतरी बघता येतं का हा प्रश्न मी लग्नाच्या प्रश्नाइतकाच गंभीर मानते.

आता "तुला वेळच नसतो" या वाक्याबद्दल. हे वाक्य ऐकलं की मुली लगेच तास मोजायला लागतात. मी दोघांना वेगळं करायला सांगते, फोन काढा, मागच्या महिन्याचं कॅलेंडर आणि मेसेज उघडा आणि जे प्लॅन रद्द झाले ते कसे रद्द झाले ते मला वाचून दाखवा. जवळजवळ नेहमी एकच चित्र दिसतं. सात वाजता भेटायचं ठरलेलं असतं, सहा पन्नासला मेसेज जातो, "सॉरी रे अडकलेय, आज नाही जमणार". तो एव्हाना निघालेला असतो. त्यावर त्याचं "ओके". मग रात्री काही नाही, दुसऱ्या दिवशीही त्याबद्दल काही नाही, आणि पुढची तारीख कधीच ठरत नाही, चार दिवसांनी आपोआप काहीतरी जुळतं. आता हिला विचारलं की अडकणार हे कधी कळलं होतं तर म्हणते, दुपारी तीनलाच वाटलं होतं, पण म्हटलं बघू, जमेल कदाचित. हे जे तीन ते सहा पन्नास आहे ना, तिथे नातं झिजतं. रद्द होण्याने तितकं नाही, उशिरा कळण्याने आणि पुढची वेळ न मिळण्याने. तीनलाच फोन करून "आज साठ टक्के नाही जमणार, तू निघू नको, आपण गुरुवारी भेटू आणि गुरुवार मी आत्ताच ब्लॉक करतेय" असं सांगितलेलं असेल तर तोच रद्द झालेला प्लॅन माणूस सहज पचवतो. नवीन पोस्टवर तुझे प्लॅन जास्त मोडणार हे नक्की आहे, म्हणून ही सवय आधी लाव, त्यालाही लावायला सांग, कारण त्याचेही मोडत असतील.

आणि दुसरं, जे तास आहेत ते कसे जातात. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी कोण एकत्र राहिलंय ते बघितलं. बारीकसारीक हाका असतात बघ, "हे बघ ना", "आज काय झालं माहितीये", नुसता सुस्कारा टाकणं, त्याला समोरचा वळून प्रतिसाद देतो का. एकत्र राहिलेल्यांनी ८६ टक्के वेळा दिला होता, वेगळे झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. एका हाकेला दहा सेकंदही लागत नाहीत, त्यामुळे कामाच्या तासांवर हे कमी अवलंबून आहे. रात्री लॅपटॉप उघडा असताना तो फोनवर काही सांगतोय आणि तू "हं, हं" करतेयस, त्यापेक्षा "मला वीस मिनिटं दे, हा मेल पाठवते आणि मग नीट ऐकते" हे शंभर पटीने चांगलं. फक्त वीस मिनिटांनी खरंच फोन करायचा, ते विसरलं तर आधीपेक्षा वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ही बातमी त्याला सांगितल्यावर तो काय करतो. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांच्या याच क्षणावर अभ्यास केलाय, वाईट बातमीला जोडीदार कसा वागतो यापेक्षा चांगल्या बातमीला कसा वागतो त्यावरून नात्याची तब्येत जास्त कळते असं त्यांना आढळलं. तू म्हणालीस, "मला टीम लीडची ऑफर आलीय." त्यावर एकजण म्हणेल, "काय सांगतेस! कधी कळलं, कोणी सांगितलं, बॉस नक्की काय म्हणाली?" दुसरा म्हणेल, "अरे वा, छान," आणि नजर स्क्रीनवर. तिसरा, "म्हणजे आता रात्रीपण कॉल. झेपणार आहे का तुला?" आणि चौथा, "हो का, बरं ऐक ना, माझ्याकडे आज काय राडा झाला माहितीये." यातला पहिलाच प्रतिसाद नात्याला बळ देतो. दुसराही वाटतो तितका निरुपद्रवी नाही, फार काळ चालला तर माणूस चांगल्या बातम्या सांगायचंच बंद करतो, आणि मला वाटतं तू तसं थोडंफार बंद केलंयस, नाहीतर ऑफर येऊन आठवडा झाला तरी त्याच्या कानावर नाही असं का झालं असतं? हे तूच स्वतःला विचार. त्याचा आधीचा अनुभव तसा आहे म्हणून, की तुझीच भीती म्हणून?

एक मात्र सांभाळ. पहिल्या मिनिटावरून माणसाला फाशी देऊ नको. ज्याला आधीच वाटतंय की ही आपल्यापासून लांब चाललीय त्याच्या तोंडून तिसऱ्या प्रकारचं वाक्य निघू शकतं, भीतीपोटी. दुसऱ्या दिवशी तो काय करतो ते बघ. परत विषय काढतो का, "काल मी नीट नाही बोललो, सांग ना काय काय असणार आहे" असं म्हणतो का. की तीन दिवस धुसफूस, फोन न उचलणं, आणि तू समजूत काढेपर्यंत अबोला.

यावर लोक मला नेहमी विचारतात की बाईचं पद वाढलं की नातं मोडतं हे खरं का. स्वीडनच्याच ओले फोल्के आणि योहाना रिकने यांचा २०२० चा अभ्यास आहे, महापौर, खासदार, कंपनीच्या सीईओ अशा पदांवर गेलेल्या बायकांमध्ये पुढच्या काही वर्षांत घटस्फोटाची शक्यता दुपटीने वाढली, पुरुषांमध्ये तसं झालं नाही. हे वाचून घाबरायला होतं, पण त्यातला पुढचा भाग कोणी सांगत नाही. ही वाढ दिसली ती ज्या घरांत आधीपासून जुनीच वाटणी होती तिथे, नवरा वयाने बराच मोठा, मूल झाल्यावरची रजा जवळजवळ सगळी हिनेच घेतलेली. ज्यांची वाटणी बरोबरीची होती त्यांच्यात बढतीने असा फरक पडला नाही. ही मोठ्या पदांची आणि लग्न झालेल्यांची गोष्ट आहे, तुझ्या टीम लीडला जशीच्या तशी लागू करू नये, पण दिशा कळते. बढतीमुळे नातं मोडलं असं आपण म्हणतो, तिथे बऱ्याचदा वाटणी आधीच एकतर्फी असते आणि बढतीने फक्त ती उघडी पडते. म्हणून मी म्हणते वाटणीबद्दल आत्ता बोला, आत्ता तुमच्यावर काहीच जबाबदाऱ्या नाहीत, आत्ता सोपं आहे.

इथे थांबून एक गंभीर गोष्ट लिहायलाच हवी, ही तुझ्यासाठी असेल असं तुझ्या लिहिण्यावरून वाटत नाही पण वाचणाऱ्या कोणासाठी तरी असेल. काही मुलींच्या बाबतीत मोठं प्रेझेंटेशन किंवा इंटरव्ह्यू असला की आदल्या रात्री हमखास भांडण होतं, पहाटेपर्यंत. मीटिंगमध्ये असताना वीस-वीस मिस्ड कॉल. ऑफिसखाली येऊन उभं राहणं. लोकेशन चालू ठेव, टीममध्ये मुलं किती आहेत सांग, मेलचा पासवर्ड दे, पगार माझ्या अकाउंटला टाक. ऐन दिवशी लॅपटॉपचा चार्जर सापडत नाही. हे एकेकटं बघितलं तर छोटं वाटतं, पण एका ओळीत ठेवून बघ. याला वेळेचा ताळमेळ म्हणत नाहीत, हा कह्यात ठेवायचा प्रकार आहे, आणि बाईची नोकरी बिघडवणं हा घरगुती छळाचा ओळखीचा मार्ग आहे कारण पैसा गेला की निघून जायची वाट बंद होते. अशा वेळी मी खाली जे बोलायचं वगैरे सांगतेय ते करू नकोस, त्याच्यासोबत जोडप्याने समुपदेशनालाही जाऊ नकोस, आधी एकटी जा, एका विश्वासातल्या माणसाला सगळं सांगून ठेव, बँक आणि मेल स्वतःच्याच हातात ठेव आणि नोकरी कुठल्याही परिस्थितीत सोडू नकोस.

बरं, परत तुझ्याकडे. त्याच्याशी बोलायच्या आधी ऑफिसमध्ये बोल, कारण आत्ता तुला स्वतःलाच नीट माहीत नाहीये की ही पोस्ट नक्की किती वेळ खाणार आहे. "रात्रीचे कॉल" म्हणजे आठवड्यातून किती, कुठल्या टाइम झोनसाठी, ते आळीपाळीने करता येतात का की लीडनेच बसायचं. प्रवासाची सूचना किती दिवस आधी मिळते. सुट्टीच्या दिवशी काही बिघडलं तर पहिला फोन कोणाला. आणि मुख्य म्हणजे तुझं काम दुसऱ्या कोणाला सोपवता येतं का. गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या फार्मसिस्टचं उदाहरण अभ्यासलंय, तिथे रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या, औषधं प्रमाणित झाली, एकाच्या जागी दुसरा फार्मसिस्ट सहज उभा राहू शकतो असं झालं, आणि मग कमी तास काम करणाऱ्याला तासामागे फारसा फटका बसेनासा झाला, बाया-पुरुषांच्या कमाईतली दरीही तिथे बरीच कमी झाली. म्हणजे "माझ्याशिवाय अडतं" ही प्रौढीची गोष्ट वाटते पण त्यातच तुझी संध्याकाळ अडकलेली असते. लीड झाल्यावर पहिल्या दिवसापासून एक जण असा तयार कर जो तुझा कॉल घेऊ शकेल, नोट्स लिहून ठेव, आणि बॉसला आत्ताच विचार की तीन महिन्यांनी आपण या वेळापत्रकावर परत बसू शकतो का. हे सगळं ऑफर स्वीकारायच्या आधी विचारायचं, नंतर विचारलं की ती तक्रार वाटते. आधी त्या पोस्टवर कोण होतं त्या व्यक्तीलाही भेट, बॉस जे सांगणार नाही ते तिथे कळेल. बॉयफ्रेंड, नातं वगैरे ऑफिसमध्ये काढायचं काहीच कारण नाही. तासांबद्दल विचारायचा तुला हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही.

मग त्याच्याशी. मेसेजवर नको, रात्री अकराला नको, तो दमून आलाय तेव्हा नको, समोरासमोर, दोघांकडे किमान दीड तास असेल असं. आणि सुरुवात "घेऊ का रे?" अशी करू नको. बहुतेक मुली इथेच घसरतात. "घेऊ का" म्हटलं की तू परवानगी मागितलीस आणि त्याला न्यायाधीश केलंस, मग त्याने हो म्हटलं तर उपकार आणि नाही म्हटलं तर खलनायक. त्यापेक्षा तुला काय हवंय ते आधी सांग. "मला ही पोस्ट हवीये, आणि आपलं नातंही हवंय, आणि मला भीती वाटतेय की दोन्ही जमणार नाही म्हणून मी तुला सांगितलंच नव्हतं." हे शेवटचं वाक्यही म्हण, गाळू नको, त्याला उशिरा कळलंय हे त्याला लागणार आहेच. मग विचार की यातलं तुला नक्की काय खुपतंय. आणि मग गप्प बस, लगेच उपाय सांगायला जाऊ नको. कोणाला रात्री बोलणं होणार नाही याचं वाईट वाटतं, कोणाला ती पुढे जाईल आणि आपण मागे राहू याची भीती असते, कोणाला तिच्या नव्या जगात आपण बसणार नाही असं वाटतं. या तिन्हीवर उपाय वेगवेगळे आहेत आणि "वेळ नाही" या एका वाक्याखाली तिन्ही लपतात.

जेनिफर पेट्रिग्लिएरी म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी शंभराहून जास्त जोडप्यांशी बोलून अभ्यास केला, दोघंही करिअर करणारी. त्या सांगतात की जोडप्याने तीन गोष्टी मोकळेपणी बोलून ठेवाव्यात, आपल्याला आयुष्यात महत्त्वाचं काय वाटतं, आपल्या मर्यादा कुठे आहेत आणि भीती कशाची आहे. यातला मर्यादांचा भाग मला फार उपयोगी वाटतो. कुठल्या शहरात राहायला दोघं तयार आहोत, महिन्यात किती दिवस लांब राहणं चालेल, किती तासांचं काम म्हणजे फार झालं. हे आधी ठरलं की पुढची प्रत्येक ऑफर हे नवीन संकट राहत नाही, ती त्या चौकटीत बसते की नाही एवढंच बघायचं. आणि चौकट दोघांनाही लागू हवी. आज तुझी ऑफर आहे, वर्षभराने त्याची येईल, तेव्हा तो काय अपेक्षा करेल तेही आत्ताच विचार. जो म्हणतो की माझी आली तर मला जावंच लागेल पण तुझी आली तर बघू, त्याने तुला फार मोठी माहिती दिलेली असते.

व्यवहाराचं एवढंच, आठवड्यातली एक मोठी भेट आणि एक छोटी भेट पक्की करा, दोन्ही कॅलेंडरमध्ये. मोठी शक्यतो मधल्या ठिकाणी. पहिले तीन महिने जड जाणार, नवीन कामात ते जातातच, ते त्याला तारखेसकट सांग, अमुक तारखेपर्यंत असं असेल आणि त्या दिवशी आपण परत बसू. "थोडे दिवस" असं सांगू नको, थोडे दिवस कधीच संपत नाहीत.

तू सोबत हेही लिहिलंयस की मैत्रीण म्हणते आत्ता करिअर कर, प्रेमाबिमाचं पस्तिशीनंतर बघू. हे कोणाला पटत असेल तर पटू दे, एकटं राहून काम करण्यात काहीही कमी नाही. पण जिला साथ हवीच आहे तिने ते नुसतं पुढे ढकलू नये, कारण वाद कसा मिटवायचा, मदत कशी मागायची, मन कसं उघडं करायचं हे राहून राहूनच येतं, पद मिळाल्यावर आपोआप येत नाही. आणि जिला मूल हवंय तिने शरीराचं गणित माहीत करून घ्यावं, तिशीत प्रजननक्षमता हळूहळू कमी होते आणि पस्तिशीनंतर जास्त वेगाने, एग फ्रीझिंगने, म्हणजे स्त्रीबीजं गोठवून ठेवून, शक्यता राखता येते, खात्री मिळत नाही. कोणी घाई करावी म्हणून हे सांगत नाहीये, डॉक्टरशी एकदा बोलून मग ठरवावं एवढंच.

शेवटचा तुझा छोटा प्रश्न, नवीन पगाराचा आकडा त्याला सांगू का, त्याच्यापेक्षा जास्त होतोय म्हणून. विचारला तर खरा सांग, कमी करून सांगू नको. लपवलेला आकडा कधीतरी बाहेर येतोच, आणि तेव्हा भांडण पैशांवरून होत नाही, लपवल्यावरून होतं. न विचारता पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही, पण एकत्र राहायचा विचार सुरू झाला की दोघांनीही आपापलं उत्पन्न, कर्ज, घरी किती पाठवतो हे सगळं एका कागदावर लिहा आणि भाडं निम्मं-निम्मं न करता कमाईच्या प्रमाणात वाटा. खर्चासाठी एक वेगळं जॉइंट अकाउंट काढा हवं तर, पण तुझा पगार ज्यात येतो ते अकाउंट तुझ्या एकटीच्याच नावावर राहू दे.